दिवसभर शैक्षणिक, संध्याकाळी सर्वांसाठी: १७ तासांचा प्रक्षेपण तक्ता कसा बसवावा?

पाठशाला_वाहिनी (प्रश्न)

नमस्कार. एका शैक्षणिक वाहिनीचा रोजचा तक्ता नव्याने बसवायचा आहे. प्रक्षेपण सकाळी ६ ते रात्री ११, १०८०आय, सेकंदाला २५ फ्रेम. साहित्य असे आहे: शालेय पाठ (२४ ते ३४ मिनिटे, एकाचीही लांबी दुसऱ्यासारखी नाही), शिक्षकांसाठी ५० मिनिटांची व्याख्याने, मुलांचे कार्यक्रम, ५२ मिनिटांच्या आसपासचे माहितीपट, संध्याकाळी ७ ला १५ मिनिटांचे थेट बातमीपत्र, ८ ला प्रेक्षकांच्या फोनवरच्या प्रश्नांना तज्ज्ञांची थेट उत्तरे आणि ९ नंतर नाटक, संगीत किंवा चित्रपट.

तीन अडचणी आहेत. लांब-आखूड पाठ अर्ध्या तासाच्या चौकटीत बसत नाहीत. दुपारी साठत गेलेला दीड-दोन मिनिटांचा उशीर संध्याकाळच्या बातम्यांवर येऊन आदळतो. आणि पाठाचा आवाज बारीक, तर रात्रीच्या चित्रपटाआधीचे प्रोमो कानठळ्या बसवणारे, अशी तक्रार वारंवार येते. सुरुवात कुठून करावी?

---

तक्ताकार

सुरुवात कार्यक्रमांपासून करू नका, न हलणाऱ्या वेळांपासून करा. तुमच्याकडे त्या चारच दिसतात: सकाळी शालेय पाठ सुरू होण्याची वेळ, संध्याकाळी ७, रात्री ८ आणि रात्री ९. एवढ्या खुंट्या आधी कागदावर ठोका. बाकी सगळे त्यांच्या मधल्या जागेत बसवायचे साहित्य आहे.

शालेय पाठांना अर्ध्या तासाचा आग्रह सोडा. ३४ मिनिटांचा पाठ ३० मिनिटांत बसवायचा म्हणजे शेवट कापायचा, आणि उजळणी व स्वाध्याय नेमके शेवटीच असतात. पाठाला कात्री लावण्यापेक्षा तक्ता हलवा. सोपा मार्ग म्हणजे एका तासात जोडी लावणे, एक लांब आणि एक आखूड. ३४:०० आणि २४:३० मिळून ५८:३० होतात, उरलेली दीड मिनिटे दोन पाठांच्या मध्ये ठेवा. ती वाया जात नाहीत. वर्गात टीव्ही लावणाऱ्या शिक्षकाला पुस्तके काढायला, मुलांना जागेवर बसवायला तेवढा वेळ लागतोच. त्या वेळेत पडद्यावर इयत्ता, विषय, पाठाचे नाव आणि उलटे चालणारे घड्याळ दाखवा. ज्या जोड्या तासाबाहेर जातात (३१ + ३० वगैरे) त्यांच्यासाठी दोन तासांत ४० मिनिटांच्या तीन चौकटी करा.

एक इयत्ता, एक विषय, सोमवार ते शुक्रवार एकच वेळ. शाळेचे वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला ठरते आणि शिक्षक तुमच्या तक्त्यावर विसंबून तास बदलत नाहीत. मंगळवारी १०:०० ला असणारे विज्ञान गुरुवारी १०:४० ला गेले, तर तो वर्ग तुमच्या हातून गेला असे समजा.

पुनःप्रक्षेपण वेगळ्या प्रेक्षकासाठी असते, हे धरून चाला. सकाळच्या सत्रातला पाठ त्याच दिवशी दुपारच्या सत्रात द्या आणि तोच दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते ८ मध्ये रेकॉर्ड करून घेणाऱ्यांसाठी. पुढच्या आठवड्यात त्याच वेळी तोच पाठ दिला, तर तोच वर्ग तो पुन्हा बघतो आणि बाकीच्यांना काहीच मिळत नाही.

ढोबळ आकृती अशी निघेल:

०६:०० कालच्या पाठांचे पुनःप्रक्षेपण
०८:०० प्रौढांसाठी भाषा, आरोग्य, कौशल्ये
०९:०० शालेय पाठ, पहिले सत्र
१२:०० शिक्षकांसाठी व्याख्यान, मग छोटे विज्ञानपट
१३:०० शालेय पाठ, दुसरे सत्र (सकाळचेच)
१६:०० हस्तकला, खेळ, प्रश्नमंजूषा
१७:३० मुलांचा कार्यक्रम, त्यानंतर माहितीपट
१९:०० बातमीपत्र, १९:१५ चालू घडामोडींवर चर्चा
२०:०० थेट फोन-इन
२१:०० नाटक, संगीत, चित्रपट
२३:०० समाप्ती

दुपारी ४ ची जागा जपा. मुले तासन्‌तास पाठ बघून आलेली असतात, तिथे पुन्हा फळ्यासमोरचा माणूस दाखवू नका. हाताने काही करण्याजोगे द्या, आणि लागणाऱ्या वस्तूंची यादी आदल्या दिवशीच्या प्रोमोत सांगा. कार्यक्रम सुरू झाल्यावर कात्री-गोंद शोधत बसणारे मूल पहिल्या तीन पायऱ्या गमावते.

---

रनडाउन_रोज

उशीर साठण्याचे कारण बहुतेक प्लेलिस्टमध्येच सापडते. प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीला चिकटून सुरू होते, म्हणजे दहा-दहा सेकंद वाढत गेले तरी कुणी थोपवत नाही. याच्या उलट टोकाची चूक म्हणजे प्रत्येक कार्यक्रमाला घड्याळाची सक्तीची वेळ देणे. मग आधीचा कार्यक्रम वीस सेकंद लांबला की त्याची श्रेयनामावली मधेच तुटते, आणि आखूड पडला की पडदा काळा होतो.

सक्तीची वेळ फक्त खुंट्यांना द्या. बाकी सगळे सलग. आणि प्रत्येक खुंटीच्या आधी उलटी मोजणी करा. तुमच्या १७:३० ते १९:०० चे उदाहरण घेऊ:

उपलब्ध वेळ ९०:००
मुलांचा कार्यक्रम २६:४०
माहितीपट ५२:१०
उरले ११:१०

या ११:१० मध्ये ६:२० चा एक लघुपट, अर्ध्या मिनिटाचे दोन प्रोमो आणि ०:४० ची ‘आज रात्री’ पाटी घातली की ८:०० भरतात. राहिले ३:१०. वाहिनीची ०:१० ची ओळखपट्टी चार ठिकाणी, म्हणजे ०:४०, आणि शेवटी २:३० चा घड्याळाचा फिलर (उरलेली जागा भरणारा तुकडा). हिशेब शून्यावर आला.

शेवटचा फिलर कसा लावता त्यावर सगळे अवलंबून आहे. तो ५:०० चा बनवा, त्यात संगीत आणि उलटे घड्याळ असू द्या, आणि नेहमी शेवटाकडून मोजून लावा. आधीचे कार्यक्रम वेळेवर संपले तर फाइल अडीच मिनिटांपासून सुरू होईल, चाळीस सेकंद उशीर झाला तर ३:१० पासून. पण संपेल ती १८:५९:५९ च्या शेवटच्या फ्रेमलाच. प्रेक्षकाला काही तुटल्याचे कळत नाही, कारण मधून सुरू झालेले घड्याळ विचित्र वाटत नाही. शेवट मात्र चुकला की लगेच दिसते.

याशिवाय दर अडीच-तीन तासांनी एक ‘सोडता येईल अशी’ नोंद ठेवा आणि तिला प्लेलिस्टमध्ये वेगळा रंग द्या. दीड मिनिट उशीर झाला की पाळीवरच्या माणसाने कुणाला न विचारता ती काढायची. काय काढायचे हे आधी ठरलेले नसेल, तर घाईत नेमका पाठाआधीचा मोकळा वेळ उडवला जातो.

आणखी एक तपासा: तक्त्यात भरलेली लांबी कार्यक्रमाची आहे की फाइलची? फाइलच्या सुरुवातीला रंगपट्टे, टोन आणि माहितीची पाटी असते. २५ फ्रेमच्या साहित्यात कार्यक्रम सहसा १०:००:००:०० या टाइमकोडला (प्रत्येक फ्रेमचा तास:मिनिट:सेकंद:फ्रेम असा क्रमांक) सुरू करण्याची पद्धत आहे, त्याआधीचे सगळे तांत्रिक. सुरुवातीचा आणि शेवटचा टाइमकोड नोंदवून त्यातला फरक हीच लांबी धरा. एकूण फाइलची लांबी घेतली तर प्रत्येक नोंदीत मिनिट-दीड मिनिटाची चूक शिरते, आणि सुरुवातीचा बिंदू दिलाच नसेल तर रंगपट्टे थेट हवेवर जातात.

---

फ्रेम_बाय_फ्रेम

वरच्या मुद्द्याला जोडून. जुना साठा ३० फ्रेमच्या पद्धतीचा असेल तर तिथे वेगळीच गोम आहे. ती पद्धत प्रत्यक्षात २९.९७ फ्रेमची. टाइमकोड ‘नॉन-ड्रॉप’ (एकही क्रमांक न वगळणारा) असेल तर त्यात एक तास दिसतो तेव्हा खरे ३.६ सेकंद जास्त गेलेले असतात. सबंध १७ तासांचा तक्ता अशा लांब्यांवर बसवला तर एक मिनिटाहून जास्त उशीर नुसता यातूनच होतो. ‘ड्रॉप-फ्रेम’ टाइमकोडमध्ये दर मिनिटाला दोन क्रमांक वगळतात, दर दहाव्या मिनिटाला वगळत नाहीत, म्हणून तो घड्याळाशी जुळतो. वगळले जातात ते क्रमांक, चित्रे नव्हेत.

असे पाठ २५ मध्ये आणताना नीट फ्रेम-रूपांतर करा, लांबी तीच राहते. फाइलवर नुसता २५ चा शिक्का मारला तर ३० मिनिटांचा पाठ सुमारे ३६ मिनिटे चालतो आणि शिक्षक झोपेत बोलल्यासारखे ऐकू येतात.

चित्रपटाचे उलटे होते. २४ फ्रेमचा चित्रपट २५ ने चालवण्याची रीत जुनी आहे, त्यामुळे सूचीत १२० मिनिटे लिहिलेला चित्रपट ११५:१२ मध्ये संपतो. उरलेली ४:४८ तुमच्या ९ ते ११ च्या चौकटीत प्रोमो आणि मध्यंतराला कामी येतील, पण आधी माहीत असेल तरच. आवाजाची पट्टीही थोडी चढते. संगीतप्रधान चित्रपट असेल तर पट्टी सुधारून घ्या, जाणकाराच्या कानाला ते खटकते.

४:३ मधले जुने पाठ १६:९ वर ताणू नका. वर्तुळ लंबगोल दिसणारा भूमितीचा पाठ निरुपयोगी आहे. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या. वरून-खालून कापून पडदा भरायचा मोह होतो, पण मग फळ्यावरची पहिली आणि शेवटची ओळ जाते.

---

ध्वनिपट्टी

आवाजाच्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा शिखर-पातळीवर (आवाजाच्या क्षणिक कमाल पातळीवर) विसंबण्यात असते. शिखर सारखे असलेले दोन कार्यक्रम कानाला सारखे लागत नाहीत. प्रोमोचा आवाज दाबून सपाट केलेला असतो, तर पाठात बोलण्याच्या मध्ये विराम असतात. म्हणून मोजायचा तो लाउडनेस, म्हणजे कानाला जाणवणारा आवाज. युरोपीय ब्रॉडकास्टिंग युनियनच्या आर१२८ या शिफारशीप्रमाणे संपूर्ण कार्यक्रमाची सरासरी -२३ एलयूएफएस (लाउडनेसचे एकक) आणि खरे शिखर -१ डीबीटीपीच्या (शिखराचे एकक) आत. थेट कार्यक्रमाला १ एलयू (लाउडनेसमधल्या फरकाचे माप) इकडे-तिकडे चालते. प्रोमो आणि फिलरसारख्या छोट्या तुकड्यांना आणखी एक बंधन घाला: तीन सेकंदांच्या खिडकीत मोजलेली कमाल पातळी -१८ एलयूएफएसच्या वर जाऊ नये. तुमच्या ‘कानठळ्यां’वरचा थेट इलाज हाच.

पाठांमध्ये हमखास सापडणारे दोन दोष. पहिला, कॉलर माइक फक्त डाव्या चॅनेलवर आणि उजवीकडे कॅमेऱ्याच्या माइकचा घुमणारा आवाज. दोन्ही मिसळू नका, स्वच्छ चॅनेल दोन्हीकडे नकला. नकलल्यावर पुन्हा मोजा, कारण तोच आवाज एकाऐवजी दोन चॅनेलवर गेला की माप ३ एलयूने वाढते. आधी मोजून मग नकललेले पाठ बरोबर तेवढेच चढे राहतात.

दुसरा दोष फसवा आहे. एका चॅनेलची ध्रुवता उलटी, म्हणजे ध्वनिलहरीचे चढ-उतार उलटे. हेडफोनवर आवाज ‘पसरल्यासारखा’ वाटतो आणि बरेच जण तिथेच पास करतात. पण एकच स्पीकर असलेल्या टीव्हीवर दोन्ही चॅनेल एकत्र येतात, एकमेकांना खोडतात आणि शिक्षकांचे नुसते ओठ हलताना दिसतात. तपासणीच्या टेबलावर मोनो बटण दाबून दहा सेकंद ऐकणे हा नियम करा. फेज मीटर (दोन चॅनेल किती जुळतात ते दाखवणारा) सतत -१ कडे झुकलेला असेल तर एक चॅनेल उलटवा.

रात्रीच्या चित्रपटाबद्दल: सरासरी -२३ असली तरी मारामारी आणि कुजबुज यांतले अंतर मोठे असते. संवाद सरासरीच्या बरेच खाली राहतात, लोक आवाज वाढवतात आणि मध्यंतराचा प्रोमो अंगावर येतो. चित्रपटाची लाउडनेस-रेंज, म्हणजे हे अंतर, थोडी आवळून घ्या. १८-२० एलयूची रेंज १२-१४ वर आणली तरी घरच्या टीव्हीवर संवाद नीट ऐकू येतात.

एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमधल्या लाउडनॉर्म या लाउडनेस जुळवणाऱ्या फिल्टरने काम करणार असाल तर दोन फेऱ्यांत करा: पहिल्या फेरीत मोजमाप, दुसरीत ते आकडे देऊन सरळ वाढ-घट. एकाच फेरीत केले तर विरामातला पंख्याचा आवाजही वर येऊ शकतो. शिवाय फाइल १,९२,००० हर्ट्झने बाहेर पडते, ती प्लेआउट सर्व्हर (फाइल हवेवर सोडणारा संगणक) नाकारू शकतो. आउटपुट ४८,००० हर्ट्झ असे स्पष्ट लिहा.

---

पाठशाला_वाहिनी

खूप उपयोगी पडले. उलटी मोजणी उद्यापासूनच सुरू करतो. दोन उपप्रश्न: रात्री ८ चा फोन-इन हमखास लांबतो आणि ९ चा चित्रपट ढकलावा लागतो. आणि तोच फोन-इन दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवावा का?

---

थेट_स्टुडिओ

लांबतो कारण शेवटचा फोन कधी घ्यायचा ते ठरलेले नसते. तासाची चौकट असेल तर कार्यक्रम ५५:०० चा धरा. ४८ व्या मिनिटानंतर नवा फोन नाही, हा आकडा निवेदकाच्या नव्हे तर नियंत्रण कक्षाच्या हातात. ५२ ला निवेदकाच्या कानात ‘तीन मिनिटे’, ५४ ला ‘एक’, आणि शेवटची दहा सेकंदे मोजून. उरलेल्या पाच मिनिटांत दोन प्रोमो आणि वरच्यासारखा शेवटाकडून लावलेला फिलर. म्हणजे दोन-तीन मिनिटे सांडली तरी ९:०० हलत नाही.

फोन लाइन कार्यक्रमाच्या १५ मिनिटे आधी उघडा. फोन घेणाऱ्याने नाव, प्रश्न एका वाक्यात आणि परत फोन करण्याचा क्रमांक टिपून घ्यावा आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करायला सांगावे. हवेवर आल्यावर ‘टीव्हीचा आवाज कमी करा’ म्हणण्यात अर्धे मिनिट जाते. फोनकडे परत जाणाऱ्या मिश्रणात फोन करणाऱ्याचा स्वतःचा आवाज सोडून बाकी सगळे असले पाहिजे. ते नसेल तर त्याला आपलाच आवाज उशिरा ऐकू येतो आणि माणूस अडखळतो. सात सेकंदांचा विलंब ठेवत असाल, तर ती सेकंदे ९:०० च्या हिशेबात धरा.

पुनःप्रक्षेपण जरूर करा, पण रेकॉर्डिंग दोन घ्या: एक पडद्यावरच्या पट्ट्यांसह, एक पट्ट्यांशिवाय. दुपारी दाखवायचा तो दुसरा. फोन क्रमांक पडद्यावर राहिला तर लोक फोन करत बसतात आणि कुणी उचलत नाही, यासारखा राग दुसऱ्या कशाचा येत नाही. निवेदक क्रमांक तोंडानेही सांगतो, त्या जागा टिपून कापा, आणि वर ‘ध्वनिचित्रमुद्रित, कृपया फोन करू नये’ ही पट्टी पूर्ण वेळ ठेवा. ‘उद्याची परीक्षा’, ‘शुभ संध्याकाळ’, ‘थोड्याच वेळात चित्रपट’ ही वाक्येही शोधा. नव्या कार्यक्रमांचे संहितालेखन करणाऱ्यांना सांगून ठेवा की पाठात दिवस-वेळेचा उल्लेख नको. पाठाचे आयुष्य त्याने वाढते.

---

तक्ताकार

दोन-तीन गोष्टी राहिल्या होत्या.

प्रोमोंचेही वर्गीकरण करा. रात्री ९ नंतरचे नाटक प्रौढांसाठीचे असेल तर त्याचा प्रोमो साडेपाचच्या मुलांच्या कार्यक्रमाला चिकटता कामा नये. प्रत्येक प्रोमोच्या नोंदीत ‘सर्व वेळ’ किंवा ‘९ नंतर’ हे खूण म्हणून भरा. गाळलेल्या मिनिटांच्या जागी फिलर शोधताना पाळीवरचा माणूस लांबी पाहतो, आशय नाही. चूक नेमकी तिथे होते.

पाठ चालू असताना खालची सरकती पट्टी बंद. ती उपशीर्षके आणि फळ्याची शेवटची ओळ झाकते, आणि मुलांची नजर हलणाऱ्या अक्षरांकडे जाते. वाहिनीचे चिन्ह एका कोपऱ्यात पुरे. आलेख, सूत्रे, नकाशे प्रत्येक कडेपासून ५ टक्के आत ठेवा, म्हणजे १९२० × १०८० मध्ये बाजूंना ९६ पिक्सेल आणि वर-खाली ५४.

टीव्हीवरच्या कार्यक्रम-मार्गदर्शिकेत वेळ भरताना लक्ष द्या. डीव्हीबी या डिजिटल प्रक्षेपणाच्या मानकात ती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) जाते आणि स्थानिक फरक वेगळा पाठवला जातो. स्थानिक वेळच यूटीसी म्हणून भरली की सगळा दिवस तेवढ्या तासांनी सरकलेला दिसतो आणि पाठ रेकॉर्ड करायला लावणाऱ्यांच्या हाती भलताच कार्यक्रम येतो. तक्ता बदलला की मार्गदर्शिकाही त्याच वेळी बदला.

सर्व्हरवरची जागा मोजून ठेवा. ५० मेगाबिट दराने तासाला २२.५ जीबी नुसत्या चित्राला लागतात, १७ तासांना ३८२ जीबीच्या पुढे. पुढचे तीन दिवस कायम चढवलेले असावेत, म्हणजे आवाज आणि फिलर धरून दीड टीबी मोकळे हवेत. फाइल आदल्या संध्याकाळपर्यंत आली नाही तर तिच्या जागी त्याच विषयाचा, त्याहून किंचित आखूड जुना पाठ आधीच नेमून ठेवा. आखूड का, तर उरलेली मिनिटे भरता येतात, वाढलेली मागे घेता येत नाहीत.

रोज सकाळी कालच्या प्रत्यक्ष प्रक्षेपणाची नोंद तक्त्याशेजारी ठेवून फक्त चार खुंट्यांच्या ओळी बघा. ९:०० चा पाठ ९:००:०४ ला गेला असेल, तर आधीच्या तासातली कोणती नोंद चार सेकंदांनी चुकीची भरली आहे ते शोधा आणि लांबी मूळ सूचीतच दुरुस्त करा, त्या दिवसाच्या प्लेलिस्टमध्ये नव्हे. नाहीतर तो पाठ पुढच्या वेळी तेच चार सेकंद पुन्हा घेऊन येतो.